बाळाचा वृषण खाली आलेला नाही? या चुका टाळा

"मोठा झाला की आपोआप उतरेल" हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि म्हणूनच तो घात करतो. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांमागे साधारण 1 ते 4 जणांचा एखादा वृषण जन्मतः अंडकोषाच्या पिशवीत नसतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त. यातले पुष्कळसे पहिल्या काही महिन्यांत खाली येतात, पण सहा महिने उलटले की ती आशा फारशी उरत नाही. (बाळ लवकर जन्मलं असेल तर हे सहा महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे.) तोवर वृषण उतरला नाही, तर लहान मुलांच्या सर्जनना दाखवा. शस्त्रक्रिया बाळ दीड वर्षाचं व्हायच्या आत व्हायला हवी. शाळेत जाईपर्यंत थांबू नका: वरच्या उष्णतेत पुढे शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी घटत जातात आणि गेलेल्या परत येत नाहीत.

दुसरी चूक नुसतं बघून ठरवण्याची. गार हात लागला किंवा बाळ रडलं की वृषण वर ओढला जातो. खोली उबदार हवी, हात गरम हवेत, बाळ शांत हवं. तपासणारा एका हाताने कमरेच्या हाडाकडून जांघेतून खाली सरकत येतो आणि दुसऱ्या हाताने पिशवीत चाचपतो. थोडं मोठं मूल मांडी घालून बसवलं तर आणखी सोपं. घरी कोमट पाण्याच्या अंघोळीनंतर बघा. मात्र ओढाताण, मालीश नको.

खाली आणल्यावर वृषण तिथेच थोडा वेळ टिकत असेल, तर तो बहुधा नुसता वर-खाली होणारा आहे. शस्त्रक्रिया लागत नाही, पण वयात येईपर्यंत दरवर्षी तपासणी हवीच, कारण यातले काही पुढे कायमचे वर जातात. जन्मावेळी 'नॉर्मल' लिहिलं म्हणून विषय संपत नाही.

सोनोग्राफीत वेळ घालवू नका. "दिसला नाही" म्हणजे "नाहीच" असं नव्हे. हाताला लागत नसेल तर खरा शोध भूल देऊन, दुर्बिणीतून घेतात. हार्मोनची इंजेक्शनंही आता सहसा सुचवत नाहीत.

नवजात बाळाचे दोन्ही वृषण हाताला लागत नसतील, तर सहा महिन्यांचा नियम लागू नाही. तपासण्या लगेच, घरी सोडण्याआधी व्हायला हव्यात. अधिवृक्क ग्रंथीचा (मूत्रपिंडावरची, हार्मोन तयार करणारी ग्रंथी) जन्मजात आजार असू शकतो आणि त्यात शरीरातलं मीठ कमी होऊन जिवावर बेतू शकतं. जांघेत अचानक फुगवटा, सोबत उलट्या किंवा न थांबणारं रडणं, हेही तातडीचंच: हर्निया अडकलेला असेल किंवा वृषणाला पीळ पडलेला असेल.

शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवा. वेळेवर केली तरी वृषणाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. मुलगा वयात आला की त्याला हे सांगा आणि गाठ स्वतः कशी तपासायची ते डॉक्टरांकडून शिकवून घ्या.