स्पेशल टॉपिक्सच्या सेमिस्टरला न्यूरोसायन्स कसं वाचायचं

शेवटच्या वर्षाला स्पेशल टॉपिक्स (एक टॉपिक निवडायचा, त्यावरचे पेपर वाचून प्रेझेंट करायचे) आलं की बहुतेक जण एकच चूक करतात, मीपण केली, टॉपिक घेतला "मेमरी" आणि पीडीएफचा ढीग डाऊनलोड करून बसलो. एवढ्यात काही हाती लागत नाही. असा प्रश्न पकडा ज्याचं उत्तर प्रयोगातून हो किंवा नाही येऊ शकतं, म्हणजे "एलटीपी (सिनॅप्स, म्हणजे मेंदूतल्या दोन सेल्समधला जोड, बराच वेळ बळकट होणं) अडवलं तर प्राणी शिकायचा थांबतो का?"

मग थोडं मागे जा. 1973 मध्ये ब्लिस आणि लोमोने भूल दिलेल्या सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला मेमरीशी जोडलेला भाग) विजेचे भराभर पल्स दिले आणि सिनॅप्सचा रिस्पॉन्स तासन्‌तास वाढलेलाच राहिला, ते एलटीपी. तिथून एनएमडीए रिसेप्टरवर या (ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन पकडणारं सिनॅप्सवरचं दार), त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच असतं, नुसतं ग्लुटामेट येऊन भागत नाही, सेल आधी डीपोलराइज व्हावा लागतो, म्हणजे त्याच्या आतला निगेटिव्ह व्होल्टेज कमी व्हावा लागतो, तेव्हा बूच निघतं आणि कॅल्शियम आत येतं, त्यातूनच एलटीपी सुरू होतं. हे चित्र वही बंद करून काढता आलं पाहिजे, नाही आलं तर परत वाचा.

आता खरा पेपर. मॉरिस आणि सहकारी, 1986. ॲबस्ट्रॅक्ट झाकून ठेवा, आधी फिगर्स बघा. एपी5 नावाचं औषध देऊन हाच एनएमडीए रिसेप्टर ब्लॉक केलेल्या रॅट्सना पाण्यात लपलेला प्लॅटफॉर्म कुठेय ते नीट शिकता आलं नाही. लगेच "सिद्ध झालं" लिहू नका, आधी शंका काढा, त्यांना दिसतच नसेल तर? मग कंट्रोल शोधा: नुसतं बघून दोन वस्तूंतला फरक ओळखायचं काम ते शिकले, म्हणजे डोळ्यांवर खापर फोडता येत नाही. 

आणि मजा पुढे आहे, 1995 मध्ये बॅनरमन वगैरेंनी दाखवलं की आधी दुसऱ्या टाकीत सराव झालेले रॅट्स एपी5 असूनही नवी जागा शिकतात! मग पहिल्यांदा नक्की काय अडलं होतं, जागा लक्षात ठेवणं की हा खेळ काय आहे तेच कळणं? प्रेझेंटेशनमध्ये निम्मा वेळ या भांडणाला द्या, इंट्रो दोन स्लाइडमध्ये आटपा.

स्टॅट्सचं जास्त टेन्शन नको, पण दोन गोष्टी दरवेळी बघाच: एरर बार एसडी (आकडे किती पसरलेत) आहे की एसईएम (सरासरी किती नेमकी आहे), आणि एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, प्राण्यांची की सेल्सची. तीन प्राण्यांमधल्या साठ सेल्सना एन साठ म्हणणारे पेपर भेटतात, तिथे हात वर करून विचारायचं.