महिनाभर कादंबऱ्या वाचल्या, आता आढावा घेताना या चुका टाळा

नाशिककराला कादंबरी मिळण्याची अडचण नाही. ‘सावाना’, म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासून आहे आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पेटी थेट वाचकांच्या गटापर्यंत पोचते. अडचण येते ती महिनाअखेरीला. काय वाचलंस, असं कुणी विचारलं की ‘छान होती’च्या पुढे गाडी सरकत नाही. लगेच स्मरणशक्तीला दोष देऊ नका. बहुतेक वेळा आढावा घेण्याची रीतच चुकलेली असते.

नुसता आकडा मोजणं
ही सगळ्यात घातक सवय. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) एका बैठकीत वाचून होते. खांडेकरांच्या ‘ययाति’ला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. यादीत दोन्ही एकेकच. पण ‘रणांगण’ संपल्यावर पुढचे दोन दिवस दुसरं पुस्तक उघडवलं नाही, तर ते दोन दिवसही वाचनाचेच धरा आणि तसं लिहा. आकड्याच्या नादी लागलेला वाचक हळूहळू जाड पुस्तकं टाळतो, शेवटची पन्नास पानं चाळून मोकळा होतो. माझ्या मते अशा पाच कादंबऱ्यांपेक्षा नीट वाचलेली एक बरी.

कथानक उतरवून काढणं
कथानक कुठेही मिळेल. तुम्ही कुठे थबकलात, हे मात्र फक्त तुम्हालाच माहीत असतं. म्हणून पुस्तक मिटल्यावर त्याच रात्री, ते पुन्हा न उघडता, चार ओळी लिहा: कोणता प्रसंग डोळ्यांसमोर आहे, कुठे कंटाळा आला, कुणाचा राग आला. ‘सासू उंबऱ्यात बसून मटार सोलते, तोंडातून शब्द नाही. इथे पुस्तक बाजूला ठेवलं.’ एवढी नोंद पुरते, भाषा सजवायची गरज नाही. वाचनालयाचं पुस्तक असेल तर परत करायच्या आदल्या दिवसापर्यंत हे ढकलू नका. पानावर पेन्सिलीने रेघाही नकोत; आपल्यानंतर कुणीतरी ते वाचणार आहे. कागदाची पट्टी घालून ठेवा.

बोलणारा कोण, हे विसरणं
‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू मांडतात. महिन्याभराने वाक्य आठवतं, पण ते कुणाच्या तोंडचं हे निसटतं. मग एका पात्राची दुसऱ्याबद्दलची तक्रार आपण लेखकाचं मत समजून बसतो आणि देवयानीवर नाहक अन्याय होतो. वाक्य टिपलंत की शेजारी बोलणाऱ्याचं नाव लिहाच.

अर्धवट सोडलेली लपवणं
तीही लिहा. कुठल्या पानावर सोडली आणि का, एवढंच. घरात आजारपण असेल, मुलांच्या परीक्षा असतील, तर पुस्तकाचा काय दोष? अशी कादंबरी काही महिन्यांनी पुन्हा हातात घेतली की कधी कधी झपाट्याने वाचून होते.

शेवटी वाचलेली कादंबरी नेहमीच सर्वात चांगली वाटते, कारण ती ताजी असते. त्यामुळे आढावा पहिल्या आठवड्यापासून सुरू करा.

दर महिन्याला एक प्रश्न मात्र तोच ठेवा. गोदेला पूर आला की आपण दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते बघतो. खूण तीच असते म्हणून यंदाच्या पुराची गेल्या वर्षीच्या पुराशी तुलना जमते. माझा प्रश्न असा: यातली कोणती कादंबरी दुसऱ्याला द्यावीशी वाटली, आणि नेमकी कुणाला? उत्तरात माणसाचं नाव हवं. ‘सगळ्यांनी वाचावी’ हे उत्तर धरायचं नाही.

इतकं करूनही एखादी कादंबरी अजिबात आठवत नसेल, तर तिचं पहिलं आणि शेवटचं पान वाचून बघा. बऱ्याचदा मधलं आपोआप वर येतं. नाहीच आलं, तर वहीत ‘काही उरलं नाही’ असं स्पष्ट लिहा. त्या लेखकाचं पुढचं पुस्तक घ्यायचं की नाही, हे ठरवायला ती ओळ कामाला येते.