कवळी, पंप आणि पुन्हा पुन्हा येणारी बुरशी

बाबांच्या गालाच्या आत पांढरे ठिपके दिसले तेव्हा आई म्हणाली, "दूध पिऊन चूळ भरली नसणार." बाबांनी चूळ भरली. ठिपके जागच्या जागी.

घरात कुणाला असं दिसलं तर आधी स्वच्छ ओल्या गॉझने हलकेच पुसून बघा. दुधाचा थर सहज जातो. बुरशीचा थर दह्याच्या गुठळ्यांसारखा निघतो आणि खाली लालभडक जागा दिसते, कधी रक्ताचा टिपूसही. पुसून न निघणारा पांढरा चट्टा असेल तर घरी काही करत बसू नका, तो डॉक्टरांना दाखवायचाच. कवळी काढून टाळूही बघा. तिथे पांढरं काहीच नसतं, नुसती लाली असते, तीही बरोब्बर कवळीच्या आकाराची. बाबांची अशी लाली आम्हाला तिसऱ्या खेपेला दिसली, कारण त्याआधी कवळी काढून कुणी बघितलंच नव्हतं.

ही बुरशी म्हणजे कॅन्डिडा अल्बिकन्स नावाचं यीस्ट. ती कुठून बाहेरून आली म्हणून पेले वेगळे करू नका (आईने केले होते). धडधाकट माणसांपैकीही जवळपास निम्म्यांच्या तोंडात ती असतेच, काही न करता. लाळ तिला धुऊन काढत असते, तोंडातले जीवाणू जागा अडवून बसलेले असतात आणि प्रतिकारशक्तीचा पहारा असतो. बाबांच्या बाबतीत तिन्ही गोष्टी ढिल्या पडल्या होत्या. दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड घशात आणि जिभेवर बसत होतं, नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता, आणि वयामुळे तोंड कोरडं. अशा वेळी यीस्टच्या गोल पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांनी तोंडाच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि त्यांना तंतू फुटतात. प्रयोगशाळेत रक्तद्रवात ३७ अंशांना ठेवल्या तर दोन-तीन तासांत फुटतात. हे तंतू अस्तराच्या पेशींत घुसतात आणि कॅन्डिडालायसिन नावाच्या विषाने त्यांच्या आवरणाला भोकं पाडतात. हे विष २०१६ साली उजेडात आलं.

औषधाने आठवड्यात तोंड साफ व्हायचं, दहा दिवसांत थर परत. दोनदा असं झाल्यावर दंतवैद्यबाईंनी कवळी हातात घेऊन विचारलं, "रात्री ही कुठे असते?" "तोंडातच," बाबा म्हणाले. कवळीच्या ॲक्रिलिकला बारीक छिद्रं असतात, त्यात बुरशीचा चिकट थर बसतो, आणि गालाला लावलेलं औषध तिथवर पोचत नाही. आम्ही तोंडावर उपचार करत होतो आणि बी कवळीत जपून ठेवत होतो.

तेव्हा कवळी रात्री बाहेर, रोज, नुसती "आठवली की" नव्हे. बेसिनमध्ये थोडं पाणी साठवून त्यावर धरून घासा, हातातून निसटली तरी फुटत नाही. मऊ ब्रश आणि साधा द्रव साबण घ्या. टूथपेस्ट नको, तिने ओरखडे पडतात आणि बुरशीला आणखी जागा मिळते. मग कवळी साफ करायच्या गोळीच्या पाण्यात, गोळीच्या पाकिटावर लिहिलं असेल तेवढा वेळ भिजवा. धातूची तार असेल तर ब्लीच वापरू नका. सकाळी नीट धुऊनच तोंडात घाला.

पंप स्पेसर (पंपाच्या तोंडाला लावायची पोकळ नळी) लावून ओढायचा, म्हणजे औषध तोंडात कमी बसतं. लगेच चूळ, गुळण्या, आणि पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. हे बाबांना कितीदा सांगितलं तरी राहायचं, शेवटी पंप उचलून दातांच्या ब्रशशेजारी ठेवला. आता तक्रार नाही.

बाबा रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेतात, आणि मायकोनाझोलची जेल किंवा फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची औषधं त्याच्यासोबत घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून त्यांना निस्टॅटिन हे बुरशीवरचं दुसरं औषध मिळालं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना आधी दाखवाच. निस्टॅटिन १९५० साली एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी शोधलं. नाव न्यूयॉर्क राज्यावरून पडलं. बाबांना ही माहिती औषधाहून जास्त आवडली. हे द्रव औषध लागेल तिथेच काम करतं, आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही. म्हणून बाटली हलवा, कवळी काढा, अर्धं एका गालात, अर्धं दुसऱ्या गालात, आणि जमेल तितका वेळ घोळवा. दिवसातून चार वेळा, जेवणानंतर. थर गेल्यावरही निदान दोन दिवस चालू ठेवायचं असतं.

एक चूक आमची: औषधापाठोपाठ क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश. दोन्ही एकत्र आली की निस्टॅटिन निकामी होतं. मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या.

गिळताना दुखत असेल तर थर अन्ननलिकेत उतरला असण्याची शक्यता असते, तेव्हा वाट न बघता डॉक्टरांकडे जा. आणि पंप, कवळी, अँटिबायोटिक यातलं काहीच नसताना मोठ्या माणसाला हा त्रास झाला तर रक्तातली साखर आणि एचआयव्ही दोन्ही तपासून घ्या.

बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यांतल्या भेगा मात्र अजून आहेत. कवळी सैल झाली की ओठ आत दुमडतात, कोपऱ्यात लाळ साचते आणि तिथेही हीच बुरशी. पुढच्या आठवड्यात कवळीचं नवं माप द्यायचंय.