पळताना अंगठ्याचं नख काळं पडायचं, ते असं थांबलं

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला पळताना सहाव्या किलोमीटरला अंगठ्याला फोड यायचा. हिप्परग्याकडच्या मुरमाड उतारावर नख काळंनिळं. चिकटपट्टी, व्हॅसलीन, दोन-दोन सुती मोजे, सगळं झालं. दोन नखं गेली, वैताग आला.

चूक मापात होती. उन्हात पळताना पाय फुगतो, आणि मी बूट सकाळी घेतले होते. मग संध्याकाळी, पळायचेच मोजे घालून दुकानात गेलो. उभं राहून, मोठ्या पायाच्या सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडली. आठचा नऊ नंबर झाला.

मोजे पॉलिएस्टर-नायलॉनचे, बोटांवर शिवण नसलेले. चादरी-टॉवेलच्या गावात राहून सुताला नावं ठेवतोय, पण सूत घाम धरून ठेवतं आणि ओली कातडी लवकर सोलते.

उतारासाठी नाडी: दोन्हीकडे वरच्या जादा भोकात नाडी त्याच बाजूने घालून छोटा फासा ठेवा. प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओवा, खाली ओढा, मग गाठ. टाच मागे धरली जाते, बोटं पुढे आदळत नाहीत.

मुरमासाठी खोल खाचांचा वेगळा जोड घेतलाय. तो डांबरावर घालत नाही, खाचा झिजतात.