अक्षांवरची लेबलं आणि एककं: या चुका टाळा

कोड चुकला की प्रोग्रॅम निदान एरर तरी देतो. अक्षांचं तसं नाही; ग्राफ देखणा येतो आणि बिनदिक्कत चुकीचा आकडा सांगतो. खालची उदाहरणं पायथनच्या मॅटप्लॉटलिब या ग्राफ काढायच्या लायब्ररीतली आहेत.

सगळ्यात फसवा प्रकार ऑफसेटचा, म्हणजे सगळ्या आकड्यांतून वजा करून बाजूला लिहिलेल्या सामाईक आकड्याचा. हवेचा दाब 101300 ते 101340 पास्कल असेल, तर उभ्या अक्षावर नुसते 0 ते 40 दिसतात. उरलेले 101300 वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत, तेही दहाच्या घाताच्या रूपात. चित्र स्लाइडसाठी कापताना हा कोपरा हमखास उडतो आणि दाब थेट 40 पास्कलवर येतो! टिकलेबल_फॉरमॅटमध्ये यूजऑफसेट बंद केलं की पूर्ण आकडे दिसतात.

दुसरी खोड म्हणजे एकक बदलायला खुणांवरचे आकडे हाताने लिहिणं. पास्कलचे हेक्टोपास्कल करायचे म्हणून सेट_वायटिकलेबल्सला तयार यादी दिली जाते. मग झूम केलं किंवा नवा डेटा आला की खुणा सरकतात, यादी जागची हलत नाही. डेटालाच 100 ने भागा, नाहीतर फंकफॉरमॅटर, म्हणजे प्रत्येक खुणेचा मजकूर फंक्शनने ठरवणारं साधन, वापरा. आणि भागल्यावर लेबलातलं एककही बदला. घाईत तेच राहून जातं.

आडव्या अक्षावर आकड्यांची खिचडी झाली असेल आणि 9 च्या आधी 10 येत असेल, तर दोष फॉरमॅटिंगचा नाही. आकडे मजकूर म्हणून वाचले गेलेत. सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या डेटा फाइलमध्ये) एका जागी नुसती ‘-’ असली तरी पांडाज, पायथनची तक्ते हाताळायची लायब्ररी, अख्खा कॉलम मजकूर धरते. टू_न्यूमेरिकने, एरर्सला कोअर्स देऊन, तो आधी आकड्यांत आणा.

लेबलात \theta लिहून थीटाचं चिन्ह न येता पहिलं अक्षर गायब झालेलं स्पेलिंग उमटलं, तर बॅकस्लॅश आणि टी मिळून टॅब झालाय. स्ट्रिंगच्या आधी आर लावा, काम झालं.

लेबलात गणिती मजकूर डॉलर चिन्हांमध्ये लिहितात, आणि त्यातली अक्षरं तिरकी येतात. चलासाठी तेच हवं, पण एकक सरळ लिहायचं असतं: तिरका एम वस्तुमान, सरळ एम मीटर. सरळ अक्षरांसाठी मॅथआरएम ही आज्ञा आहे. किलोचा के मात्र लहानच. मोठा के केल्विनचा.

मराठी लेबलांच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्ट बदला, मूळच्या डेजावू सॅन्समध्ये देवनागरी नाही. सेव्ह केलेल्या चित्रात लेबल कापलं जात असेल, तर सेव्हफिगला बीबॉक्स_इंचेस टाइट द्या.