कविता म्हणताना या चुका टाळा : मराठवाड्यातल्या ओपन माइक आणि स्लॅमसाठी

छापलेली कविता वाचणारा दोनदा वाचतो, अडला तर मागच्या ओळीवर जातो. ऐकणाऱ्याला ती एकदाच मिळते. ओपन माइकवर (जिथं कुणीही उभं राहून कविता म्हणू शकतं) आणि पोएट्री स्लॅममध्ये (म्हणजे कविता म्हणायच्या स्पर्धेत) होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ एवढ्यात आहे. नांदेड, परभणी, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथं कॉलेजच्या सभागृहात, वाचनालयात, कुणाच्या तरी गच्चीवर आता पोरं-पोरी कविता म्हणायला उभी राहतात. त्यातल्या पुष्कळांच्या वहीत खरंच चांगली कविता असते, आणि ती ऐकणाऱ्यापर्यंत अर्धीच पोचते. हे बघवत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी स्लॅमबद्दल थोडं. बांधकामावर काम केलेल्या मार्क स्मिथ या कवीनं शिकागोत हा प्रकार सुरू केला. १९८६ पासून तो तिथल्या ग्रीन मिल या ठिकाणी नियमित होऊ लागला. रूढ नियम साधे आहेत. कविता स्वतःची हवी. वेळ ३ मिनिटं, वर १० सेकंदांची सवलत, त्यानंतर प्रत्येक १० सेकंदांना अर्धा गुण वजा. वेशभूषा, वस्तू, वाद्य काही नाही. प्रेक्षकांतून निवडलेले ५ परीक्षक ० ते १० गुण देतात, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण काढून टाकतात, उरलेल्या तिघांची बेरीज होते. म्हणजे ३० पैकी किती, एवढाच हिशेब. परीक्षक जाणकार असावा अशी अट मुद्दामच नाही. समोर बसलेला किराणा दुकानदार, बी.एस्सी.ची पोरगी, कुणाची तरी आत्या, हेच परीक्षक. त्यांच्या कानाला काय पोचलं, त्याचे गुण.

प्रस्तावनेत वेळ घालवणं

“ही कविता मला सुचली तेव्हा मी बारावीला होतो, आणि आमच्या गल्लीत...” हे सुरू झालं की घड्याळही सुरू झालेलं असतं. तुम्ही श्रोत्यांशी बोलायला लागलात की वेळ मोजली जाते, पहिल्या ओळीपासून नव्हे. जे प्रस्तावनेत सांगावं लागतं, ते कवितेतच यायला हवं होतं. नाव सांगा, एक श्वास घ्या, सुरू करा.

कविता लांबत असेल तर कात्री आधी सुरुवातीला लावा. बहुतेक कवितांच्या पहिल्या चार-सहा ओळी म्हणजे कवीनं स्वतःसाठी केलेली तयारी असते. त्या काढल्या तरी काही बिघडत नाही. ३ मिनिटांत थांबे घेत, न धावता तीन-साडेतीनशे शब्द नीट बोलता येतात. साडेपाचशे शब्द लिहून ते कोंबायला गेलात तर श्रोता दुसऱ्या मिनिटाला सुटतो. आणि घरी म्हणून बघितलेली वेळ धरू नका. स्टेजवर टाळ्या पडतात, हशा येतो, तेव्हा थांबावं लागतं. घरी अडीच मिनिटांत बसते तीच कविता तिथं ३ मिनिटांत बसते.

उसना आवाज

मला सगळ्यात जास्त खुपणारी चूक ही. मोबाइलवर हिंदी स्पोकन वर्ड, म्हणजे स्टेजवर बोलून सादर केलेल्या कविता, ऐकून ऐकून एक ठरीव चाल पोरांच्या जिभेवर बसलीय. ओळीचा शेवटचा शब्द ओढायचा, मग एकदम हळू बोलायचं, मग चार ओळी धाडधाड म्हणायच्या आणि शेवटी गळा दाटून आणायचा. प्रेमभंग असो, बापाचं कर्ज असो की पहिला पाऊस, चाल तीच. तिसऱ्या कवीपासून श्रोत्याला पुढची ओळ कुठं वर जाणार हे आधीच कळायला लागतं, आणि मग तो शब्द ऐकणं सोडून देतो.

यावर उपाय आहे आणि फुकटचा आहे. कविता बाजूला ठेवा. त्या कवितेत जे घडतं ते एखाद्या मित्राला किंवा बहिणीला साध्या बोलण्यात सांगा, आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग कविता म्हणून ती रेकॉर्ड करा. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यात तुमचा आवाज कुठं बारीक झाला, कुठं तुम्ही आपसूक थांबलात, कुठला शब्द दोनदा आला, ते टिपून घ्या. तुमची खरी चाल तिथं आहे.

बोलीचंही तसंच. घरी “काय करायलास?” म्हणणारा पोरगा स्टेजवर “तू काय करीत आहेस” म्हणतो आणि त्याच्याच कवितेत परका होतो. कवितेतली आई प्रमाण मराठी बोलत नसेल तर तिच्या तोंडी ती घालू नका. उलटी चूकही होते. हशा मिळतो म्हणून “काहून”, “लई” हे शब्द जागोजागी पेरायचे, घरी बोलत नाही इतकी गावरान भाषा स्टेजवर बोलायची. त्यात आपल्याच माणसांची नक्कल होते, आणि समोरच्या आजीबाईला ते बरोबर कळतं. संभाजीनगर, जालना, नांदेडच्या कितीतरी घरांत दखनी, म्हणजे इकडची उर्दू बोली, आणि मराठी एकाच वाक्यात नांदते. तुमच्या घरात तसं असेल तर कवितेतही नांदू द्या.

कानाला धरायला काही न देणं

आपल्याकडची कविता शेकडो वर्षं ऐकूनच टिकली. कीर्तनात अभंगाचं ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं. पैठणच्या एकनाथांच्या भारुडात कधी वासुदेव, कधी जोशी, कधी गोंधळी होऊन माणूस बोलतो, त्यामुळं कोण बोलतंय हे पहिल्या ओळीतच कळतं. गंगाखेडच्या जनाबाईंचं नाव ज्या जात्याशी जोडलं गेलंय, त्या जात्यावरच्या ओवीत “बाई”, “सखे” अशी हाक परत परत येते आणि ऐकणारीला जागं ठेवते. वली आणि सिराज या जुन्या उर्दू शायरांच्या औरंगाबादला मुशायऱ्याची सवय जुनी. तिथं शायर शेराचा पहिला मिसरा, म्हणजे पहिली ओळ, दोनदा म्हणतो; ऐकणारा तो मनात धरतो आणि दुसऱ्याची वाट बघतो. या सगळ्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती, की कानाला आधार लागतो.

आपली नवी मुक्तछंदातली कविता पानावर छान दिसते आणि ऐकताना हातातून निसटते, कारण तिच्यात परतून येणारं काहीच नसतं. एक ओळ निवडा. ती तीन ठिकाणी येऊ द्या, आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ थोडा सरकू द्या. “माय दार उघडं ठेवते” ही ओळ पहिल्यांदा साधी असते. बाप रात्री घरी आला नाही हे कळल्यावर ती तशी राहत नाही.

लांबलचक जोडशब्द टाळा. “वेदनाव्याकुळमनाच्या” हे कानाला एका दमात उलगडत नाही. आणि ओळ एका श्वासात मावत नसेल तर ती तोडा. ओळीच्या मध्यावर धाप लागली की अर्थही तिथंच तुटतो.

मुशायऱ्याची एक सवय मात्र स्लॅममध्ये जपून वापरा. दाद मिळाली म्हणून अख्खी ओळ दोन-दोनदा म्हणत गेलात तर ३ मिनिटं कधी सरतील कळणार नाही.

दुःखाचं नाव घेणं आणि दुःख न दाखवणं

मराठवाड्यातल्या कुठल्याही काव्यमंचावर दुष्काळ, आत्महत्या, ऊसतोड हे विषय येणारच, आणि यायलाच पाहिजेत. ते आपल्या घरातले आहेत. पण कितीतरी कविता “बळीराजा”, “पोशिंदा”, “काळी आई”, “फास” या चार शब्दांवरच चालतात. हे शब्द इतके वापरले गेलेत की ते ऐकून श्रोता टाळी देतो आणि त्याच्या डोळ्यांपुढं काहीच येत नाही. ज्याच्या घरात खरंच ते घडलंय, तो त्या गर्दीत मान खाली घालून बसलेला असतो. त्याचा विचार करून लिहा.

एक उदाहरण बघू. ऊसतोडीवर अशी कविता येते :

“कष्टाच्या घामानं भिजली धरती सारी,
कुणा न दिसे माझ्या मायची दुःखं भारी.”

यात खोटं काही नाही, पण ही माय कुणाचीही असू शकते. आता हेच असं :

“मुकादमाची उचल घेतली त्या रात्री
मायनं माझं दप्तर खुंटीला टांगलं.
म्हन्ली, पाचटाच्या कोपीत ठिवायला जागा न्हाई.”

उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, मुकादम म्हणजे मजूर नेणारा, पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं, कोपी म्हणजे झोपडी. बीडच्या श्रोत्याला यापुढं काही सांगावं लागत नाही, आणि पुण्याच्या श्रोत्यालाही टांगलेलं दप्तर दिसतं. दुःख हा शब्द कुठंही नाही. कवितेत आणखी एक गोष्ट घडते : दप्तर परत कधी उतरणार, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो, आणि पुढच्या दोन मिनिटांसाठी तो तुमचा होतो.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप किंवा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे, असे विषय घेताना तर जास्त जपा. समोर ते भोगलेली माणसं बसलेली असतात. रेल्वेनं पाणी आलं हे त्यांना माहीतच आहे. तुमच्या घरात त्या उन्हाळ्यात घागरी कोण भरत होतं, नळाला पाणी यायचा दिवस कसा जायचा, हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

माइकशी भांडण

आवाजाच्या तक्रारी बहुतेक वेळा दोन मिनिटांत सुटतात. लवकर पोचा आणि साउंडवाल्याशी बोला.

आवाज घुमत असेल तर आधी मशीनवरचा इको बंद करायला सांगा. आपल्याकडं मंडपाची साउंड सिस्टीम लग्नाच्या गाण्यांसाठी आणि ऑर्केस्ट्रासाठी लावलेली असते, त्यामुळं इको चढवलेला असतो. गाण्याला तो शोभतो, बोललेल्या शब्दाच्या मात्र चिंध्या करतो. “दादा, इको पूर्ण काढा, नुसता साधा आवाज द्या” एवढं म्हटलं की काम होतं. मंगल कार्यालय किंवा पत्र्याचं सभागृह असेल तर खोलीच घुमते. तिथं वेग कमी करा आणि ओळींच्या मध्ये नीट थांबा, आधीच्या शब्दाचा आवाज विरू द्या.

माइक तोंडापासून मुठीएवढ्या अंतरावर धरा, किंचित तिरका. अगदी समोर धरला की प, फ, ब, भ या अक्षरांना हवेचा ठोका बसतो. आणि आपल्या कवितांचे लाडके शब्द बघा : बाप, भाकर, पाऊस, फाटकं. सगळे तिथंच फुटतात.

माइक शिट्टी मारत असेल तर तो स्वतःच्याच स्पीकरचा आवाज ऐकतोय. स्पीकरच्या पुढं जाऊ नका, मागं राहा. माइकच्या जाळीवर मूठ आवळू नका, त्यानं शिट्टी वाढते. हळू बोलायची ओळ असेल तर माइक जवळ घ्या. ओरडायची असेल तर लांब न्या. खरं सांगायचं तर ओरडायची ओळ फार क्वचित लागते.

लाइट गेली तर स्टेजवरून खाली उतरा, पहिल्या रांगेजवळ या आणि शेवटच्या रांगेकडं बघून सावकाश म्हणा. पंखे बंद पडल्यानं सभागृह एरवीपेक्षा शांत झालेलं असतं, त्याचा फायदा घ्या.

मध्येच विसरणं

विसरणार हे धरूनच तयारी करा. ओळीमागून ओळ घोकली की एक ओळ निसटल्यावर पुढचं सगळं जातं. त्याऐवजी कवितेचे चार-पाच सांधे लक्षात ठेवा : आधी घर, मग रस्ता, मग मुकादम, मग दप्तर. एक ओळ हरवली तर पुढच्या सांध्यावर उडी मारा. कविता तुम्हाला पाठ आहे, श्रोत्याला नाही. काय गळलं ते त्याला कळतच नाही. “सॉरी, परत सुरू करतो” म्हटलं की मात्र कळतं.

कागद हातात ठेवायला स्लॅमच्या नियमांची हरकत नसते. मोबाइलपेक्षा कागद बरा. मोबाइलच लागणार असेल तर विमान मोडवर टाका, स्क्रीन बंद व्हायची वेळ वाढवा आणि अक्षरं मोठी करा.

हातांचं काय करायचं, असं सगळे विचारतात. काही करू नका. हात आपोआप उठला तर उठू द्या.

आयोजकांसाठी

पाहुण्यांचा सत्कार, शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, मग तीन भाषणं, आणि कवींना माइक मिळतो तेव्हा अर्धं सभागृह उठून गेलेलं असतं. स्लॅममध्ये खरा पाहुणा कवीच असतो. सत्कार करायचाच असेल तर शेवटी करा.

परीक्षक म्हणून मराठीच्या प्राध्यापकांना आणि नगरसेवकांना बसवू नका, श्रोत्यांतून निवडा, फक्त कुणाचे नातलग नकोत. सुरुवातीला स्पर्धेत नसलेल्या एका कवीची कविता घ्या आणि तिला गुण द्यायला लावा, म्हणजे परीक्षकांचा हात बसतो. तरीही जसजसा कार्यक्रम पुढं जातो तसे गुण चढत जातात, असा सगळीकडचा अनुभव आहे. म्हणून क्रम चिठ्ठ्या टाकूनच ठरवा. दोन फेऱ्या असतील तर दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा. वेळ मोजणारा आणि गुण मांडणारा ही दोन वेगळी माणसं हवीत. आणि परीक्षकांना आधीच स्पष्ट सांगा, की विषयाला गुण द्यायचे नाहीत. आत्महत्येवरच्या कच्च्या कवितेला ९ आणि आजीच्या बटव्यावरच्या पक्क्या कवितेला ६ मिळाले, की पुढच्या वेळी सगळे आत्महत्येवरच लिहून आणतात.

संध्याकाळी सातला कार्यक्रम ठेवला की तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या पोरी गळतात. शेवटची एसटी गेली की त्यांना घरून परवानगी नसते, आणि त्या आल्या नाहीत म्हणून “मुली लिहीत नाहीत” असं बोलणारेही आयोजकांतच सापडतात. दुपारी तीनला सुरू करा, सहाला संपवा. नोंदणीच्या फॉर्ममध्ये परतीच्या गाडीची वेळ विचारा, आणि त्यावरून कार्यक्रमाची वेळ ठरवा.