पहिल्यांदा वाईन बारमध्ये जाताय? निदान या चुका तरी टाळा

मी नाशिकचा, त्यामुळे पुण्या-मुंबईचा पाहुणा घरी आला की दुसऱ्या दिवशी "चल ना, वाईन प्यायला जाऊ" हे ठरलेलंच. गंगापूर रोडच्या बाजूला आता अशा निवांत जागा आहेत, जेवण मिळतं, चप्पल घालून गेलं तरी चालतं, आणि तुम्हाला वाईनमधलं काही कळत नाही म्हणून कोणी नाक मुरडत नाही. तरीपण दरवेळी त्याच त्याच चुका बघतो आणि खरंच जीव तुटतो, कारण माणूस एकदा वाईट अनुभव घेऊन गेला की "वाईन आपल्याला जमत नाही" म्हणून परत फिरकतच नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रेड वाईन आणि झणझणीत खाणं. दोनेक वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझा मावसभाऊ ऑफिसच्या चार मित्रांना घेऊन आला. सकाळी मिसळ, त्यावर दोनदा तर्री, आणि दुपारी थेट वाईन बार. मी म्हणत होतो की आधी छोटे छोटे घोट चाखून बघू, पण त्यांना धीरच नाही, "रेड हीच खरी वाईन" म्हणून शिराझची अख्खी बाटली मागवली आणि सोबत चिली पनीर आणि मसाला पापड. दहा मिनिटांत सगळ्यांचे चेहरे लाल. तोंड भाजतंय म्हणून वाईनचा घोट, घोटाने अजून भाजतंय म्हणून अजून मोठा घोट. शेवटी भाऊ म्हणाला, "दादा, ही कडू आहे, खराब झालीये."

खराब काही नव्हती. रेड वाईन द्राक्षाच्या साली-बियांसकट आंबवतात, त्यातून टॅनिन उतरतं, कच्चं जांभूळ किंवा सुपारी चावल्यावर तोंडाला जी तुरट मिठी बसते तेच ते. मिरचीने आधीच पेटलेल्या जिभेवर अल्कोहोल पडलं की आग वाढते आणि तुरटपणा जास्तच टोचतो. मी वेटरला सांगून जरा गोडसर चेनिन ब्लाँ ही व्हाईट वाईन मागवली, थंडगार, आणि तेच चिली पनीर तिच्यासोबत खायला लावलं. गोडव्याने तिखट खाली बसतं, एवढंच. शिराझ बाजूला ठेवली आणि नंतर साध्या चीजसोबत घेतली, चीजमधल्या प्रोटीनने आणि फॅटने टॅनिन मऊ होतं. तीच बाटली, अर्ध्या तासात सगळ्यांना आवडली. तेव्हापासून माझा नियम आहे, टेबलावर काय खायचंय ते आधी ठरवायचं, वाईन नंतर. कोथिंबीर वडी, थालीपीठ, तळलेले मासे असलं काही असेल तर व्हाईटच. रेड घ्यायची तर खाणं कमी तिखट, मश्रूम, चीज, कमी मसाल्याचं मटण.

दुसरी चूक मला जास्त काळजीची वाटते. "वाईन म्हणजे काय, द्राक्षाचा ज्यूस" असं म्हणत उपाशीपोटी पटापट पिणं. जरा हिशोब बघा. वाईनचा ग्लास साधारण १५० मिली, अल्कोहोल साडेबारा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ १९ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग ४२.८ टक्क्यांचा धरला तर १३ मिलीसुद्धा होत नाही. म्हणजे एक ग्लास वाईन जवळजवळ दीड पेग! ७५० मिलीच्या बाटलीत असे पाच ग्लास, आणि दोघंजण गप्पा मारता मारता ती संपवतात, वर म्हणतात चढलीच नाही, आणि मग उठताना पाय लटपटतात. मी घरून वरण-भात खाऊनच निघतो, तिथे प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी, आणि पहिला ग्लास अर्ध्या तासाच्या आत संपवत नाही. आणि गाडी चालवणारा त्या दिवशी पिणारच नाही, टेस्टिंगचा घोटसुद्धा नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका.

नवीन माणसाने थेट बाटली मागवूच नये खरंतर. टेस्टिंग मागा, साधारण ३० मिलीचे घोट असतात, हलक्या व्हाईटपासून सुरू करून रोझे म्हणजे गुलाबी वाईन, मग रेड, गोड वाईन सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर हलकी वाईन पाण्यासारखी लागते.

बाटली मागवलीच तर आधी थोडीशी ओतून देतात, ती आवडली का हे विचारायला नाही, खराब तर नाही ना हे बघायला. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बिनधास्त परत करा. आणि बुचाऐवजी फिरकीचं झाकण दिसलं म्हणून ती स्वस्तातली समजू नका, चांगल्या चांगल्या बाटल्यांना असतं.

"रेड थंड प्यायची नसते" हेपण अर्धवट ऐकलेलं ज्ञान आहे. रेड रूम टेंपरेचरला प्यायची म्हणतात, ते रूम टेंपरेचर म्हणजे १५ ते १८ अंश, नाशिकच्या एप्रिलमधली खोली नव्हे. कोमट लागली तर पंधरा-वीस मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा, ग्लासात बर्फ मात्र टाकू नका.

ड्राय म्हणजे गोड नसलेली. गोड हवी असेल तर तसं सांगा, लाजू नका.

उग्र परफ्यूम मारून जाऊ नका, शेजारच्या टेबलालापण वाईनचा वास येत नाही.

ग्लास खालच्या दांडीला धरा, हाताच्या उबेने व्हाईट गरम होते.

२ ऑक्टोबरला येऊ नका, ड्राय डे असतो.

आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच. जानेवारी ते मार्च इथे द्राक्षतोडणी चालते, तेव्हा वीकेंडला एवढी गर्दी असते की वेटरला दोन शब्द बोलायला वेळ नसतो. मी पाहुण्यांना मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला नेतो. तेव्हा वेटरला "आम्ही नवीन आहोत, तुम्हीच सांगा" एवढं म्हटलं की तो पोरगा मनापासून दोन-तीन बाटल्या घेऊन येतो, कुठल्यात पेरूचा वास येतो, कुठल्यात मिऱ्याचा, सगळं समजावून सांगतो.